दवाखान्याची भाषा कोणाची?

नांदेड-लातूरकडची माणसं आजारपणाविषयी बोलतात तेव्हा कान देऊन ऐका. दवाखाना, इलाज, जखम, जुलाब, मलम हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. वात, पित्त, पथ्य संस्कृतातले. बीपी, शुगर, सलाईन इंग्रजी. यात नवल नाही. 1948 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या उस्मानिया विद्यापीठात पाश्चात्त्य डॉक्टरकीसुद्धा उर्दूतून शिकवली जायची. आधुनिक विज्ञानाला इंग्रजीच लागते, हा समज आपल्याच संस्थानाने खोटा पाडला होता.

आज आयुर्वेदाची जाहिरात मात्र दोनच भाषांत होते. अभिमानासाठी संस्कृत: 'पाच हजार वर्षांची वैदिक परंपरा'. बाजारासाठी इंग्रजी: 'डिटॉक्स', 'इम्युनिटी'. आयुर्वेदातल्या 'आम'चं 'टॉक्सिन' झालं, तसं चीनमध्ये 'छी'चं 'एनर्जी' झालं. तिकडे 1929 मध्ये देशी वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा वैद्य संघटित झाले. पुढे 1950 च्या दशकात कम्युनिस्ट सरकारने विखुरलेल्या पद्धतींतून निवड करून पाठ्यपुस्तकं आणि महाविद्यालयं उभी केली. जग ज्याला 'प्राचीन चिनी वैद्यक' म्हणतं, त्याचा आजचा साचा तेव्हाचा आहे. आपल्याकडेही शंकर दाजी शास्त्री पदे यांनी 1907 साली आयुर्वेद महासंमेलन सुरू केलं. कॉलेज, परीक्षा, पदवी हा पाश्चात्त्य सांगाडा आयुर्वेदानेही स्वीकारला. त्यात गैर काही नाही. पण मग 'शुद्ध वैदिक' कशाला म्हणायचं?

'वैदिक' म्हणणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जिचं दहन केलं, त्या मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वैद्याचं अन्न पुवासमान म्हणून वर्ज्य ठरवलं आहे. वैद्यक तुमचं, तर वैद्य अपवित्र कसा?

आता बौद्ध बाजू बघा. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि जीवकाने केलेल्या शस्त्रक्रियांची वर्णनंही आहेत. सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख माणसांच्या आणि जनावरांच्या उपचारांविषयी बोलतो. मध्य आशियातल्या कुचा इथे 1890 मध्ये सापडलेलं बॉवर हस्तलिखित बौद्ध परिसरातलं. त्याची सुरुवात लसणाच्या गुणांनी होते, आणि हाच लसूण मनुस्मृतीने द्विजांना वर्ज्य केला होता! तरीही शस्त्रक्रिया बुडाल्याचं खापर बुद्धाच्या अहिंसेवर फोडलं जातं. गुह्य जागेच्या शस्त्रक्रियेला विनयात मनाई आहे हे खरं, पण ती तेवढ्या जागेपुरतीच. रक्त आणि प्रेत शिवणाऱ्याला विटाळ मानणारी व्यवस्था कोणाची होती, हे विचारायला नको का?

हाच विटाळ आपल्या आज्यांच्या वाट्याला आला. गावात बाळंतपण करणारी सुईण पुष्कळदा मांगवाड्यातली, महारवाड्यातली असायची. नाळ कापणं अपवित्र, म्हणून ते काम तिचं. जीव वाचला तर देवाची कृपा, आणि तिला मात्र घराच्या बाहेरूनच सूपभर धान्य. संस्कृतवाल्यांनी तिला वैद्य म्हटलं नाही आणि इंग्रजीवाल्यांनी तिला अडाणी ठरवलं. तिचे शब्द कोणी लिहून ठेवले नाहीत.

म्हणून तिचे सगळे उपाय बरोबर होते, असं आम्ही म्हणत नाही. जुनं आहे म्हणून खरं मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलंच आहे. चीनच्या तू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात हिवतापाचा उपाय वाचला. त्यात वनस्पती उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं. तो धागा पकडून त्यांनी कमी तापमानात अर्क काढला आणि तो तपासून पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. 2015 चं नोबेल मिळालं ते या तपासणीमुळे, ग्रंथ जुना होता म्हणून नव्हे.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट हवी. औषध कोणत्याही पद्धतीचं असो, पुरावा मागा. संमतीपत्र आणि औषधाची चिठ्ठी रुग्णाला कळेल अशा मराठीत मागा. आणि आपल्या वस्तीत एखादी सुईण हयात असेल, तर आजच वही घेऊन तिच्यापाशी बसा.

जय भीम!