कलदाराची वाट

मुलूख निजामाचा आणि रुपया इंग्रजांचा, अशा स्थितीत अमरावती-अकोल्याने जवळपास शंभर वर्षे काढली. कागदावर वऱ्हाड शेवटपर्यंत हैदराबादच्या निजामाचेच होते. पण अमरावतीच्या कापूसबाजारात किंवा अकोल्याच्या पेढीवर निजामाचा रुपया परका होता. त्याला बट्टा पडे. चालायचा तो कलदार, म्हणजे कंपनी सरकारचा आणि पुढे राणीच्या मुखवट्याचा, काठाला दाते पाडलेला चांदीचा रुपया.

घसरलेले चलन टाकून नवे घ्यायचे आणि त्याच सुमाराला मोठ्या बाजाराला जोडून घ्यायचे, असा प्रयोग अनेक देशांनी केला आहे. रुमानियाने १ जुलै २००५ रोजी दहा हजार जुन्या लेउंचा एक नवा लेउ केला आणि दीड वर्षाने, १ जानेवारी २००७ला, तो देश युरोपीय संघात गेला. तो निर्णय त्या देशाने स्वतः घेतला होता. वऱ्हाडात यातल्या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घडल्या, पण वऱ्हाडाला कोणी विचारले नव्हते. आजही कापसाचा भाव दूरच्या बाजारात ठरतो तेव्हा याच गोष्टीचा पुढचा भाग चालू असतो, असे मला वाटते. म्हणून हा मागोवा.

सुरुवात दोअमलापासून करायला हवी. अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले अशा दोघांचा अंमल होता आणि एकाच गावाचा वसूल दोन वाटेकऱ्यांत जाई. दोन धनी म्हटल्यावर दोन प्रकारचे रुपयेही आलेच. अकोला जिल्ह्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी भोसल्यांचा पराभव झाला, दोन आठवड्यांनी गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख एकट्या निजामाकडे गेला. धनी एक झाला, तरी नाणी एक झाली नाहीत. उलट आणखी वाढली.

हैदराबादचा कारभार तेव्हा राजा चंदुलाल पाहत होता. तिजोरी सदा रिकामी असे. फौजेचा, त्यातही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कंटिन्जंटचा पगार भागवायला सावकारांकडून कर्ज काढायचे आणि फेड म्हणून त्यांना परगण्यांचा वसूल लावून द्यायचा, अशी रीत पडली. पुरणमल या सावकाराकडे वऱ्हाडाचा फार मोठा भाग असा इजाऱ्याने गेला. त्याच्यानंतर आली विकाजी-पेस्तनजी ही पारशी पेढी. याच पेढीने १८२५-२६मध्ये वऱ्हाडातून मुंबईला पहिला कापूस रवाना केला होता. पाचशे बैलांच्या पाठीवर एक लाख वीस हजार रतल. त्याआधी इथला कापूस बैलांवर लादून मिर्झापूरकडे जाई. औरंगाबादची टांकसाळही काही काळ याच पेढीकडे होती आणि तिथल्या रुपयाला पेस्तनशाही म्हणत. सारा वसूल करणारा, कापूस विकत घेणारा आणि नाणे पाडणारा, तिन्ही एकच. हे नीट ध्यानात घेतले तर त्या काळच्या कुणब्याचा हात कुठे अडकला होता ते समजते.

टांकसाळ सरकारची राहिली नाही की रुपयात चांदी किती घालायची हे पाडणाऱ्याच्या गरजेवर ठरते. निजामाच्या मुलखात सावकारांच्या नि जहागीरदारांच्या अनेक टांकसाळी होत्या. सगळ्या रुपयांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे, आतला कस मात्र ज्याचा त्याचा. त्यामुळे बाजारात सराफाशिवाय पान हलत नसे. पाटलाने थैली ओतली की सराफ एकेक रुपया दगडावर वाजवून पाही, संशय आला तर कसोटीवर घाशी, काट्यात टाकी. पटला तर त्यावर बारीक पोलादी ठसा मारी, न पटला तर बट्टा सांगे. पुढच्या गावचा सराफ पहिल्याचा ठसा मानेलच असे नाही. तो आपला ठसा मारी. असे चार-पाच बाजार फिरलेल्या नाण्यावर मूळ अक्षरे वाचता येत नसत. तशी झिजलेली, टोचलेली जुनी नाणी संग्राहकांकडे आजही दिसतात. सारा भरताना कचेरी चांगला रुपया मागे आणि पीक विकताना पदरात पडे तो हलका. मधला फरक कुणब्याच्या खळ्यातून जाई.

मग १८५३ उजाडले. कंटिन्जंटच्या पगाराचे देणे थकले म्हणून २१ मे रोजी तह झाला आणि वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. कारण थकबाकीचे होते हे खरे. पण हिंदुस्थानातली उत्तम कापसाची जमीन हाती आली याचे समाधान गव्हर्नर-जनरल डलहौसीने पुढे स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले वारले आणि पाठोपाठ नागपूरचे राज्यही खालसा झाले. म्हणजे वऱ्हाडच्या पूर्वेचा नागपुरी रुपयाही निराधार झाला. आता त्याच्या जागी आला तो १८३५च्या कायद्याने ठरलेला रुपया: वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी. मुंबईत जो रुपया, तोच कलकत्त्यात, तोच अमरावतीत.

हैदराबादेतही त्याच वर्षी सालारजंग दिवाण झाला. त्यानेही खाजगी टांकसाळी बंद केल्या आणि एकच हाली सिक्का चालू केला. त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण हालीत चांदी कमी होती. पुढच्या काळातल्या हालीचे वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी शेकडा ८२च्या आसपास, कलदाराचे ११.६६ ग्रॅम आणि चांदी शेकडा ९१.७. दोन्हींतली शुद्ध चांदी काढून भागली की सात हालींना सहा कलदार हा हिशेब जवळजवळ तंतोतंत निघतो, आणि हाच दर पुढे पक्का झाला.

एका रुपयाने सराफाचा बट्टा संपवला, हे निर्विवाद. पण तो रुपया ज्या वाटेने आला ती वाट कापूस बाहेर नेण्यासाठी बांधली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते ६५, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडातले भाव आकाशाला भिडले. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा करत १८६७मध्ये नागपूरला पोचला. १८७०मध्ये लॉर्ड मेयोने खामगावची शाखा खुली केली. लिव्हरपूलचा भाव तारेने येऊ लागला. मुंबई पद्धतीची मोजणी होऊन सारा तीस-तीस वर्षांसाठी रोख कलदारात बांधला गेला. युद्ध संपल्यावर भाव कोसळला, सारा मात्र होता तिथेच राहिला. नाणे स्थिर झाले आणि कुणब्याचे उत्पन्न अस्थिर झाले. मधली दरी सावकाराने भरली आणि जमिनी गहाण पडल्या. पुढे १८९९-१९००च्या दुष्काळात ही नवी श्रीमंती किती पातळ होती ते दिसले.

कलदारही अढळ नव्हता. १८७०नंतर जगभर चांदी उतरली, तसा दोन शिलिंगांच्या घरातला रुपया सव्वा शिलिंगावर आला. १८९३मध्ये सरकारने लोकांची चांदी टांकसाळीत घेणे बंद केले आणि शतकाच्या अखेरीस रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर बांधला. हा निर्णय लंडनमध्ये झाला. रुपया महागला की निर्यातीच्या कापसाला रुपयांत कमी भाव मिळतो, ही बाब अकोल्याच्या शेतकऱ्याला विचारण्यासारखी कुणाला वाटली नाही.

१९०२मध्ये कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वर्षाला २५ लाख रुपये देऊन. युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, तो १९३६च्या कराराने. किताब उरला, चलन उरले नाही. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. त्या बाजूला पैनगंगा ओलांडली की हिंगोली-नांदेडकडे हाली आणि करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, अलीकडे कलदार. बोली तीच, सोयरीक तीच, पण बाजाराला जाताना गाठीला कोणता रुपया आहे ते पाहावे लागे.

ही रेघ पुसायला १९४८ची पोलीस कारवाई व्हावी लागली. २६ जानेवारी १९५०पासून भारतीय रुपया हैदराबादेतही चालू झाला, हाली त्याच सातास सहा दराने काही वर्षे सोबत राहिली आणि मग काढून घेतली गेली. १ नोव्हेंबर १९५६ला पैनगंगेचे दोन्ही काठ द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले.

तरी बट्टा गेला असे मला म्हणवत नाही. तो नाण्यातून निघाला आणि काट्यावर जाऊन बसला. गाडी उलगडल्यावर ओलावा आहे, कचरा आहे म्हणून भाव पाडायचा, वजनात कट्टी धरायची, ही तक्रार वऱ्हाडातल्या बाजारांइतकीच जुनी आहे. १८९७च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजारांना समित्या दिल्या. देशातला या विषयावरचा तो पहिलाच कायदा. पण समित्यांवर जोर व्यापाऱ्यांचा होता. १९७२मध्ये महाराष्ट्राने एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. तिने हमी दिली, ती अनेकांना तारून गेली, हे नाकारता येणार नाही. मात्र तिने राज्याच्या सीमेवर नवा नाका बसवला. मध्य प्रदेशात भाव जास्त असला तरी धारणीच्या किंवा वरूडच्या शेतकऱ्याला पलीकडे कापूस नेण्याची बंदी होती. रुपया दोन्हीकडे एकच होता. ही झोनबंदी उठावी म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने आंदोलने केली, आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकात सरकारचा एकाधिकार संपला.