पंचरंगी क्रिकेट सामने
मुंबईत धार्मिक जमातींच्या संघांत १९४६ पर्यंत भरणाऱ्या वार्षिक क्रिकेट सामन्यांची मालिका. पारशी संघ व बाँबे जिमखान्याचा यूरोपीय संघ यांच्यातील १८७७ च्या लढतीत तिचा उगम सापडतो. १९०७ मध्ये हिंदू व १९१२ मध्ये मुसलमान संघ सामील झाल्याने ती अनुक्रमे तिरंगी व चौरंगी झाली. १९३७ मध्ये ‘इतर’ या संघाच्या प्रवेशाने ती पंचरंगी बनली. या संघात ख्रिस्ती, ज्यू इत्यादींचा समावेश असे. सांगलीचे विजय हजारे याच संघातून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने काढल्या.

जमातीच्या अंतर्गत ऐक्यास या सामन्यांनी चालना दिली. याचे ठळक उदाहरण म्हणजे पालवणकर बंधू. चांभार समाजातील बाळू पालवणकर (१८७६–१९५५) पुण्याच्या यूरोपीय क्लबात मैदानाची निगा राखीत व सरावासाठी गोलंदाजी करीत. हिंदू संघास त्यांच्या फिरकीची गरज भासली; तथापि आरंभी पुण्यास त्यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्यात सहखेळाडू त्यांच्यासह भोजनास बसू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी यूरोपीयांवर मिळविलेला विजय तत्कालीन समाजसुधारकांनी जातिभेदावरील आघात मानला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. मात्र हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले व त्या वर्षी हिंदू विजयी झाले.

परंतु जमातीस एकत्र आणणारी हीच रचना जमातींना परस्परांसमोर उभी करीत होती. प्रेक्षक प्रतिपक्षाच्या उत्तम खेळासही दाद देत, असे तिचे समर्थक म्हणत. तर राजकीय तेढ वाढत असता धर्मवार संघ अनिष्ट होत, असे विरोधकांचे म्हणणे होते. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी अशा संघांविषयी नापसंती व्यक्त केली. १९३४ पासून प्रांतवार संघांची रणजी करंडक स्पर्धा हा पर्यायही उपलब्ध होता. अखेर १९४६ मध्ये पंचरंगी सामने बंद झाले.

खेळामुळे माणसे जोडली जातात हे या इतिहासावरून दिसते. परंतु ती कोणाशी जोडली जातील आणि कोणापासून दूर राहतील, हे संघ कोणत्या तत्त्वावर बांधला आहे त्यावर अवलंबून असते.