प्लॅटिनमचा हिशेब

‘जो पदार्थ रासायनिक अभिक्रियेचा वेग बदलतो, पण अभिक्रियेत स्वतः खर्ची पडत नाही, त्याला उत्प्रेरक म्हणतात.’ ही व्याख्या आपल्या वर्गांत दरवर्षी पाठ होते. पोटॅशियम क्लोरेटमध्ये चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकले की ऑक्सिजन लवकर सुटतो, हे उदाहरण तिच्या जोडीला असतेच. व्याख्येतला ‘खर्ची पडत नाही’ हा भाग मात्र आपण परीक्षेपुरता लक्षात ठेवतो. त्याचा हिशेब मांडून पाहिला तर काय होते, ते पाहण्यासाठी व्लादिमीर हेन्सेल या रासायनिक अभियंत्याची गोष्ट फार उपयोगी आहे. सोन्याच्या पंक्तीतला प्लॅटिनम हा धातू पेट्रोल शुद्ध करण्याच्या कारखान्यात टनावारी मालासाठी वापरता येईल, असे त्यांनी १९४०च्या दशकात ठरवले आणि तसे करूनही दाखवले.

आधी अडचण काय होती ते पाहू. खनिज तेलाचे ऊर्ध्वपातन केले की त्यातून नॅफ्था नावाचा हलका द्रव वेगळा होतो. तो पेट्रोलच्याच जातीचा असतो, पण तसाच इंजिनात घातला तर इंजिन ठोके मारू लागते. सिलिंडरमध्ये इंधन आणि हवा यांचे मिश्रण दाबले जात असताना ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्याआधीच त्याचा काही भाग आपोआप पेटतो. शक्ती वाया जाते, इंजिनाचे नुकसान होते. हा दोष मोजण्यासाठी ऑक्टेन अंकाची पट्टी तयार झाली. सात कार्बनांची सरळ साखळी असलेल्या नॉर्मल हेप्टेनला शून्य आणि फांद्या असलेल्या आयसोऑक्टेनला १०० गुण, अशी ही पट्टी आहे. अंक जितका मोठा, तितके ठोके कमी. सरळ ऊर्ध्वपातनातून मिळालेला नॅफ्था या पट्टीवर साधारणपणे पन्नाशीच्या आसपास रेंगाळतो.

यावर १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी एक सोपा उपाय शोधला होता. पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अगदी थोडे मिसळले की ठोके थांबतात. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी हे संयुग तयार करणाऱ्या कारखान्यांत विषबाधेने कामगार दगावले. तरीही उपाय स्वस्त होता, त्यामुळे तो टिकला आणि जगभर पसरला.

दुसरा मार्ग होता तो नॅफ्थाच्या रेणूंचीच रचना बदलण्याचा. नॅफ्थामध्ये मिथाइलसायक्लोहेक्झेनसारखी वलयाकार संयुगे असतात. त्याच्या रेणूत सात कार्बन आणि चौदा हायड्रोजन असतात. त्यातले सहा हायड्रोजन काढून घेतले की टोल्युइन तयार होते. कार्बनचा सांगाडा तोच, पण ऑक्टेन अंक साधारण ७५ वरून १२० च्या घरात जातो, आणि वर हायड्रोजन वायूचे तीन रेणू मोकळे होतात. रेणू न तोडता त्यांना असे नवे रूप देण्याच्या क्रियेला रिफॉर्मिंग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मॉलिब्डेनम ऑक्साइडचा उत्प्रेरक वापरून हे काम होत असे, आणि त्यातून स्फोटकांसाठी लागणारे टोल्युइन मिळवले जाई. पण त्या उत्प्रेरकावर काही तासांतच कोकचा, म्हणजे कार्बनचा, थर चढे. मग काम थांबवून तो थर जाळून टाकावा लागे आणि पुन्हा सुरुवात करावी लागे.

प्लॅटिनम हे काम उत्तम करते, ही गोष्ट नवी नव्हती. रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय झेलिन्स्की यांनी १९११ सालीच दाखवून दिले होते की प्लॅटिनम आणि पॅलेडियम यांच्या सान्निध्यात सायक्लोहेक्झेनचे बेंझीन होते. मग चाळीस वर्षे हे ज्ञान कारखान्यात का आले नाही? प्रयोगशाळेत काही ग्रॅम प्लॅटिनम वापरणे निराळे आणि रोज शेकडो टन नॅफ्था हाताळणाऱ्या कारखान्यात ते भरणे निराळे, असा सर्वांचा समज होता. त्यातून नॅफ्थामधले गंधक प्लॅटिनमला निकामी करते, हेही ठाऊक होते.

हेन्सेल यांचा जन्म १९१४ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे झाला. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक. बालपण मॉस्कोत गेले आणि १९३०च्या सुमारास हे कुटुंब अमेरिकेत आले. व्लादिमीर यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून रासायनिक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळवली आणि १९३७ मध्ये ‘युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्स’ या कंपनीत ते रुजू झाले. ही कंपनी स्वतः तेल विकत नसे. शुद्धीकरणाच्या नव्या पद्धती शोधून त्यांचे परवाने कारखान्यांना देणे हा तिचा व्यवसाय होता. उच्च दाबाखालील उत्प्रेरणाचे मोठे जाणकार व्लादिमीर इपातिएफ हेही रशिया सोडून तेथे आलेले होते. त्यांच्या सहवासात काम करत हेन्सेल यांनी १९४१ मध्ये नॉर्थवेस्टर्नमधूनच रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. म्हणजे अभियंत्याची नजर आणि रसायनशास्त्रज्ञाचे प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या.

प्लॅटिनम महाग आहे, हे हेन्सेल यांना मान्य होते. पण ते किती लागेल आणि किती काळ टिकेल, हे प्रश्न बाकी होते. किलोचा भाव कळल्याने या दोन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

पहिला प्रश्न पृष्ठभागाचा आहे. तो आपण वर्गात गणिताने सोडवू शकतो. प्लॅटिनमची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे २१.५ ग्रॅम. एक ग्रॅम प्लॅटिनमचा घन केला तर त्याची बाजू सुमारे ३.६ मिलिमीटर होईल आणि सहाही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ पाऊण चौरस सेंटीमीटरच्या थोडे वर भरेल. अभिक्रिया फक्त पृष्ठभागावरच्या अणूंपाशी घडते. या घनात पृष्ठभागावर असलेला अणू सुमारे तीस लाख अणूंमागे एक. बाकीचे सारे आत कोंडलेले. आपण पैसे मात्र सगळ्या अणूंचे मोजलेले असतात! आता तेच एक ग्रॅम इतके बारीक विखुरले, की जवळजवळ प्रत्येक अणू उघड्यावर येईल. मग क्षेत्रफळ होते सुमारे अडीचशे चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची जवळजवळ दोन मैदाने. धातू तेवढाच आहे, पण कामाला लागलेले अणू लाखो पटींनी वाढले.

असे विखुरलेले अणू धरून ठेवायला आधार हवा. तो ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा. सच्छिद्र ॲल्युमिनाच्या एका ग्रॅममध्ये आतल्या भिंती धरून दोनशे चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. त्यावर प्लॅटिनम नीट पसरवले तर वजनाने अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्लॅटिनम पुरते, हे दिसून आले.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. सोयीसाठी गृहीत धरू, की एक किलो उत्प्रेरकात ४ ग्रॅम प्लॅटिनम आहे आणि तो दर तासाला स्वतःच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे २ किलो नॅफ्था हाताळतो. वर्षातले ३०० दिवस काम चालले तर तास झाले ७,२०० आणि नॅफ्था झाला १४,४०० किलो. एका ग्रॅम प्लॅटिनमच्या वाट्याला ३,६०० किलो आले. आणि वर्षअखेरीस ते ग्रॅम बहुतांशी जागेवरच असते! उत्प्रेरक थकला तरी त्यातले प्लॅटिनम काढून, शुद्ध करून पुन्हा वापरता येते. ‘खर्ची पडत नाही’ या तीन शब्दांचा कारखान्याच्या वहीतला अर्थ हा असा आहे. प्लॅटिनम ही कच्च्या मालाची खरेदी नाही, ती यंत्रासारखी भांडवली गुंतवणूक आहे.

अर्थात उत्प्रेरकाला महिनोन्महिने जिवंत ठेवणे हेच खरे अभियांत्रिकीचे काम होते. कोक साचू नये म्हणून अभिक्रियापात्रात दाबाखाली हायड्रोजन खेळता ठेवला गेला. येथे वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. अभिक्रियेतूनच हायड्रोजन बाहेर पडतो, तेव्हा ले शातेलिएच्या तत्त्वाप्रमाणे बाहेरून दिलेला हायड्रोजनचा दाब तिला मागे रेटणार. मग तो द्यायचा कशासाठी? कारण दाब कमी केला तर टोल्युइन अधिक मिळते, पण उत्प्रेरक लवकर काळवंडतो. पुस्तकातला समतोल आणि उत्प्रेरकाचे आयुष्य यांच्यात अभियंत्याला तडजोड करावी लागते. शिवाय ही अभिक्रिया उष्णता शोषून घेते. सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमानाचा नॅफ्था पात्रातून जाताना थंड होतो. म्हणून तीन-चार पात्रे ओळीने मांडून प्रत्येकाआधी भट्टी ठेवतात.

या उत्प्रेरकाची आणखी एक खुबी आहे. ॲल्युमिनात थोडे क्लोरीन किंवा फ्लोरीन मिसळले की ते आम्लधर्मी होते. मिथाइलसायक्लोपेंटेनचे वलय पाच कार्बनांचे असते, त्याचे बेंझीन करायचे तर वलय सहाचे व्हायला हवे. प्लॅटिनम आधी त्यातून हायड्रोजन काढते, मग आम्लधर्मी जागेवर वलयाची फेररचना होते आणि तो रेणू पुन्हा प्लॅटिनमकडे येऊन बेंझीन होतो. एकट्या धातूला किंवा एकट्या आम्लाला हे नीट साधत नाही. हा दुहेरी व्यवहार संशोधकांनी १९५३ मध्ये स्पष्ट करून मांडला. पद्धत त्याआधीच कारखान्यात चालू होती, ही बाब विज्ञानाच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

प्लॅटिनमवरून या पद्धतीला ‘प्लॅटफॉर्मिंग’ हे नाव मिळाले. १९४९ मध्ये मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी पहिला कारखाना सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत ती जगभर पोचली. तिच्यातून दोन गोष्टी जोडीने मिळाल्या. एक म्हणजे मुबलक हायड्रोजन, जो वापरून नॅफ्था आणि डिझेलमधले गंधक काढता येऊ लागले. म्हणजे प्लॅटिनमच्या शत्रूला दूर ठेवायचे साधन प्लॅटिनमनेच पुरवले. दुसरी गोष्ट म्हणजे बेंझीन, टोल्युइन आणि झायलीन. ती पूर्वी मुख्यतः दगडी कोळशाच्या डांबरातून मिळत. आज आपल्या अंगावरचे पॉलिएस्टर आणि घरातले कितीतरी प्लॅस्टिक यांचे मूळ अशा रिफॉर्मिंगच्या पात्रांत सापडते.

आता शिशाकडे परत येऊ. शिशावाचून चांगले पेट्रोल बनवण्याचा मोठा मार्ग १९४९ मध्येच खुला झाला, मग शिसे का गेले नाही? कारण ते स्वस्त होते आणि त्याची खरी किंमत पेट्रोलपंपावर मोजली जात नव्हती. रस्त्याकडेच्या वस्तीतली मुले ती आपल्या रक्तातून आणि मेंदूतून मोजत होती. १९७०च्या दशकात अमेरिकेत शिशावर नियंत्रण आले आणि १९७५च्या मॉडेलपासून गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. धूर स्वच्छ करणाऱ्या या उपकरणातही प्लॅटिनम असते आणि शिसे त्याला निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोल अपरिहार्य झाले. १९७६ ते १९८० या काळात तिथल्या लोकांच्या रक्तातल्या शिशाची सरासरी सुमारे ३७ टक्क्यांनी उतरली. भारतात एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी असे पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ मध्ये थांबले. मार्ग सापडल्यापासून तो सर्वांनी धरेपर्यंत बहात्तर वर्षे गेली.

रिफॉर्मिंगनेही स्वतःचा प्रश्न निर्माण केला आहे. बेंझीनमुळे कर्करोग होतो, त्यामुळे पेट्रोलमध्ये ते मर्यादित ठेवावे लागते. भारतातली सध्याची मर्यादा १ टक्का आहे. तेव्हा शिसे गेले म्हणून हिशेब पुरा झाला असे कोणी समजू नये.

हेन्सेल १९७९ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवत होते. १९७३ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले, १९९७ मध्ये प्लॅटफॉर्मिंगसाठी अभियांत्रिकीतले ड्रेपर पारितोषिक. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

उत्प्रेरकाचा धडा घेताना ही गोष्ट सांगण्यास दहा मिनिटे पुरतात. वर दिलेला एक ग्रॅमच्या घनाचा हिशेब मात्र मुलांना स्वतः करू द्यावा, असे आम्हांला वाटते. त्यानंतर त्यांना दोन प्रश्न विचारावेत. महाग वस्तू नेहमीच महाग पडते का? आणि शिशासारखी स्वस्त वस्तू खरोखर कोणाला स्वस्त पडली?