सिंधू खोरे, ऊर्ध्व : तापमानाचा दीर्घकालीन कल

सिंधू नदीचे तरबेला धरणाच्या वरचे खोरे. कैलास–मानसरोवर परिसरापासून लडाख, बाल्टिस्तान व गिलगिटपर्यंत ते पसरले असून झंस्कार, श्योक, शिगार, हुंझा, गिलगिट व अस्तोर या प्रमुख उपनद्या होत. क्षेत्रफळ सुमारे पावणेदोन लाख चौ. किमी.; आकडे ग्रंथागणिक बदलतात.

नोंदी : लेह, गिलगिट व स्कार्दू येथील तापमाननोंदी ब्रिटिश अमदानीपासूनच्या आहेत. मात्र ही केंद्रे वस्तीजवळ, दऱ्यांच्या तळाशी आहेत. गिलगिट सुमारे १,४६० मी. उंचीवर आहे, तर काराकोरमचे बहुतेक हिमक्षेत्र ४,००० मी.च्या वर. उंचावरील स्वयंचलित केंद्रे १९९० नंतरची. त्यांच्या नोंदींवरून दीर्घकालीन कल काढणे धाडसाचे ठरेल.

कल : फाउलर व आर्चर यांनी २००६ मध्ये, १९६१–२००० या काळातील नोंदींवरून, हिवाळ्याचे सरासरी व कमाल तापमान वाढत असून उन्हाळ्याचे सरासरी व किमान तापमान घटत असल्याचे दाखविले. नदीच्या दृष्टीने महत्त्व उन्हाळ्याला आहे. हुंझा व श्योक प्रामुख्याने हिमनद्यांच्या वितळण्यावर वाहतात; त्यामुळे उन्हाळा १° से.ने थंड झाला, तर त्यांचा विसर्ग सुमारे २० टक्क्यांनी घटतो, असा या अभ्यासाचा अंदाज आहे.

भूतियानी आणि पुणे विद्यापीठातील काळे व पवार यांनी २००७ मध्ये श्रीनगर, सिमला व लेह येथील विसाव्या शतकातील नोंदी तपासल्या. वायव्य हिमालयात शतकभरात सुमारे १·६° से. वाढ झाली व हिवाळा अधिक वेगाने उबदार झाला, असे त्यांना आढळले. या तिहींपैकी केवळ लेह प्रस्तुत खोऱ्यात मोडते, हे तुलना करताना विसरता कामा नये. दैनिक तापमानकक्षा रुंदावत असल्याचे मात्र दोन्ही अभ्यास सांगतात. जगात इतरत्र ती बहुधा अरुंद होत आली असल्याने ही बाब विशेष लक्षणीय होय.

काराकोरम : येथील काही हिमनद्या स्थिर वा वाढत्या असल्याचे केनेथ ह्यूइट यांनी २००५ मध्ये मांडले. उन्हाळी थंडाव्याशी त्याचा संबंध जोडला जातो. २०१७ मध्ये या प्रदेशावरील चक्राकार वातप्रवाहाचे कारण पुढे आले. कारणांबाबत मतभेद आहेत.

तिबेटमधील भाग : उगमाकडील उंच, रुक्ष पठार. वरील दोन्ही तापमान-अभ्यासांत येथील केंद्र नाही.