आधी खूण, मग अक्षर

परतवाड्यात माझा छोटा डिझाइन स्टुडिओ आहे. लग्नपत्रिका, कृषी केंद्रांचे बोर्ड, शाळांचे बॅनर, मेळघाटात काम करणाऱ्या संस्थांची पत्रकं अशी कामं येतात. बाहेरून आलेली मंडळी कधी कधी विचारतात, इकडे डिझाइनची परंपरा ती कुठली? परंपरा आहे, आणि ती मुंबईची नक्कल नाही. वऱ्हाडात आमचा धंदा घडवला तो ज्याला वाचता येत नव्हतं त्या माणसानं. त्याला लांबून कळेल अशी खूण आधी काढायची. अक्षर मागून यायचं.

सुरुवात कापसापासून धरावी. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. 1870 मध्ये खामगावला रेल्वे पोचली. पुढं गावोगाव जिन आणि प्रेस उभ्या राहिल्या. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची ठरलेली खूण आणि अनुक्रमांक घालणं बंधनकारक केलं. एकसारख्या शेकडो गाठींतून आपली गाठ हमालानं ओळखायची ती या खुणेवरून. आज ज्याला लोगो म्हणतात त्याचं काम याहून निराळं काय असतं?

गाठींवर मजकूर उठवायची रीत म्हणजे पत्रा कापून केलेला स्टेन्सिल. देवनागरी अक्षर पत्र्यात कापणं कठीण. ‘व’ किंवा ‘ब’ पूर्ण कापला तर मधलं पोटच गळून पडतं, म्हणून एक बारीक दांडी शिल्लक ठेवावी लागते. ती कुठं ठेवायची, यात कारागिराची सगळी नजर दिसते. जागा चुकली की ‘व’चा भलताच आकार होतो. अशी तुटक अक्षरं मला अजूनही फार देखणी वाटतात.

मग निवडणूक आली. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह होतं. अमरावतीहून काँग्रेसतर्फे डॉ. पंजाबराव देशमुख निवडून आले. पक्षाचं चिन्ह बैलजोडी. शेतकऱ्यांच्या मुलखात बैलजोडी रंगवणं म्हणजे परीक्षाच. शिंगांची ठेवण, वशिंड, जू यातलं काहीही चुकलं तरी पारावरचा म्हातारा लगेच बोट ठेवणार. तिथं पेंटरला चित्रकलेच्या शाळेपेक्षा बैलबाजार जास्त शिकवून जायचा.

1958 मध्ये मलेरिया निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला आणि फवारणीची नोंद घरांच्या भिंतींवर, दारांवर दिसू लागली. साठीच्या दशकाच्या अखेरीस कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आला, टोक खाली असलेला. ही खूण दीप त्यागी यांच्या कल्पनेतली. गेरू, चुना आणि डिंक एवढ्या भांडवलावर पेंटर लोकांनी ती गावोगावच्या भिंतींवर नेली. सरकारी कामाचे पैसे उशिरा निघत, पण काम भरपूर असे.

मी ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो ते पेंटर पत्र्याच्या टपरीत बसत. दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ची मुखपृष्ठं आणि मुळगावकरांची कॅलेंडरं भिंतीला चिकटवलेली होती. कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची शीर्षकं वर्तमानपत्रातल्या जाहिरातींतून कापून ते वहीत डकवून ठेवत. हीच त्यांची कला महाविद्यालयं. पत्र्याला आधी रेडऑक्साइड, मग रंगाचे दोन हात, मग सुताला खडू लावून मारलेल्या रेघा, आणि त्यावर खारीच्या केसांच्या ब्रशनं एका ओढीत घेतलेली वेलांटी. बोर्ड पुरा झाला की उस्ताद मला रस्त्यापलीकडे पिटाळत. “अक्षर वाचाले नसते, लांबून वळखाले असते,” असं म्हणत. वऱ्हाडी उन्हात लाल रंग सर्वांत आधी उडतो म्हणून महत्त्वाची ओळ लालात घ्यायची नाही, हेही त्यांनीच शिकवलं.

नव्वदच्या दशकात निवडणूक आयोगाच्या शेषन यांनी भिंती रंगवण्याला चाप लावला आणि पेंटरांचा हंगामच गेला. पाठोपाठ डीटीपी आलं. पुण्याची श्रीलिपी आली. रा. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोजबरोबर गावागावातल्या कॉम्प्युटरवर पोचला. 2000 नंतर फ्लेक्स आला, आणि दिवसभराचं काम यंत्र तासाभरात करून देऊ लागलं. यंत्राला माझा विरोध नाही. माझाही स्टुडिओ त्याच्यावरच चालतो. पण फ्लेक्सनं एक सवय मोडली. बोर्ड कुठं लागणार, कोण पाहणार, हे विचारायचंच थांबलं.

ते विचारायला मला सेमाडोहनं परत लावलं. व्याघ्र प्रकल्प 1973 मध्ये सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होता. परतवाड्याहून घटांगमार्गे धारणीकडे जाताना सेमाडोह लागतं. सिपना नदीच्या काठी पर्यटन संकुल आहे, पर्यटकांसाठी निसर्ग माहिती केंद्र आहे. तिथल्या पाट्या शहरातून येणाऱ्यांसाठी आहेत आणि तसं असायला हरकत नाही. पण सभोवतालच्या पाड्यांत राहतात ते कोरकू. त्यांची भाषा मुंडा कुळातली, मराठीशी नातं नसलेली. सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरून, गेलेल्या माणसाच्या नावानं ‘मुंडा’ म्हणजे स्मृतिफळी उभारण्याची त्यांची रीत जुनी आहे. त्यावर एकही अक्षर नसलं तरी घरच्यांना सगळं कळतं. खुणेची इतकी भरीव परंपरा असलेल्या माणसांपुढं आम्ही मराठीचे तीन परिच्छेद छापलेला फ्लेक्स टांगतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच पाड्यांसाठी एका संस्थेनं अस्वलापासून सावधगिरीची पाटी मागितली. मोहफुलं वेचायला बायका पहाटे जंगलात जातात, तेव्हा अस्वलाशी गाठ पडते आणि जीवावर बेततं. पार्टीला जबडा वासलेल्या अस्वलाचा मोठा फोटो हवा होता. मी आधी पाड्यावर जातो म्हटलं. तिथं समजलं की अस्वल कसं दिसतं हे सांगायची कुणालाच गरज नाही. नव्यानं फुलं वेचायला लागलेल्या पोरांना ठसा ओळखता यायला हवा. म्हणून आम्ही पिवळ्या पत्र्यावर काळ्या एनॅमलनं मूळ मापाचे ठसे रंगवले. अस्वलाचा मागचा पाय माणसाच्या पावलासारखा लांबट, पाच बोटं, पुढं नखांचे टोचे. शेजारी बिबट्याचा, चार बोटं, नखं नाहीत. त्याखाली घोळक्यानं आवाज करत निघालेल्या बायकांचं चित्र. शब्द दोनच ओळी, एक मराठी आणि एक कोरकू, देवनागरीत. कोरकू ओळ पाड्यावरच्या बायकांनी सांगितली, मी फक्त लिहून घेतली. पाटी लागली तेव्हा एका म्हाताऱ्यानं चप्पल काढली, पाऊल उचलून ठशाच्या बाजूला धरलं आणि नातवाला फरक दाखवू लागला.

आता मेळघाटातल्या कामाचं कोटेशन देताना गावात जाऊन पाहणी करण्याचा खर्च मी वेगळा लिहितो. पार्टी घासाघीस करते, मग मान्य करते. पाटी किती उंचीवर ठोकायची, ते मात्र मी गावावर सोपवतो. बहुतेक वेळा ते मला वाटलं असतं त्याहून खालीच ठोकायला सांगतात, पोरांचा हात पोचेल इतकी.