जी उत्तर विभाग (मुंबई)

बृहन्मुंबई महानगरपालिकेचा मुंबई शहर जिल्ह्यातील एक प्रशासकीय विभाग (वॉर्ड). दादर पश्चिम, माहीम, माटुंगा पश्चिम आणि धारावी हे त्याचे मुख्य भाग. क्षेत्रफळ सुमारे ९ चौ. किमी. लोकसंख्या ५,९९,०३९ (२०११). मुंबई शहर जिल्ह्यातल्या नऊ विभागांमध्ये ती सर्वाधिक आहे. पश्चिमेला अरबी समुद्र व माहीमचा उपसागर, उत्तरेला माहीमची खाडी आणि मिठी नदी, पूर्वेला मध्य रेल्वेचा मार्ग आणि दक्षिणेला प्रभादेवीच्या बाजूने जी दक्षिण विभाग, अशा याच्या सीमा आहेत. पश्चिम रेल्वेचा मार्ग विभागाच्या पोटातून जातो आणि त्याचे दोन भाग करतो. समुद्राकडच्या बाजूला दादर-माहीमच्या चाळी, सोसायट्या आणि शिवाजी पार्क, तर दोन्ही रेल्वेमार्गांच्या बेचक्यात माटुंग्याचे रेल्वे कारखाने आणि धारावी.

मुंबई शहर जिल्ह्यात तालुके नाहीत. उपनगर जिल्ह्यात कुर्ला, अंधेरी व बोरिवली असे तीन तालुके आहेत. शहरात मात्र जिल्ह्याखालचा लोकांच्या रोजच्या परिचयाचा घटक म्हणजे महापालिकेचा वॉर्ड. ए ते जी या अक्षरांचे नऊ विभाग शहर जिल्ह्यात येतात आणि एच ते टी उपनगरांत. आय, जे, ओ, क्यू ही अक्षरे वापरलेली नाहीत. काही अक्षरांचे उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम असे तुकडे पडल्यामुळे विभागांची एकूण संख्या दीर्घकाळ २४ राहिली. जी उत्तर हा त्यांपैकी एक. महापालिकेच्या रचनेत एफ आणि जी यांचे चारही विभाग मिळून परिमंडळ २ होते आणि त्यावर उपायुक्त असतो.

विभाग कार्यालय दादर पश्चिमेला प्लाझा चित्रपटगृहाच्या मागे, हरिश्चंद्र येळवे मार्गावर आहे. सहायक आयुक्त हा विभागाचा प्रमुख. रहिवासी अजूनही त्याला वॉर्ड ऑफिसरच म्हणतात. त्याच्या हाताखाली परिरक्षण, इमारत व कारखाने, घनकचरा व्यवस्थापन, जलकामे, करनिर्धारण व संकलन, अनुज्ञापन, आरोग्य, कीटकनाशक, उद्यान, अतिक्रमण निर्मूलन अशी खाती चालतात. फेरीवाल्यांवरची कारवाई, दुकानाचा परवाना, जन्म-मृत्यूची नोंद, गटाराचे झाकण, डासांची फवारणी अशी नागरिकाची महापालिकेशी जवळजवळ सगळी गाठ इथेच पडते. घनकचरा खात्याची खरी भिस्त चौक्यांवर आणि मुकादमांवर आहे. कोणत्या गल्लीत हातगाडी जाते आणि कुठे कचरा डोक्यावरून आणावा लागतो, याचे ज्ञान मुकादमाइतके दुसऱ्या कोणाला नसते.

या यंत्रणेला कायद्याचा आधार १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचा आहे. अधिनियमाने कार्यकारी सत्ता शासननियुक्त आयुक्ताकडे आणि धोरण व अंदाजपत्रक निर्वाचित सभागृहाकडे दिले. विभाग पातळीवर या दोहोंना एकत्र आणणारी प्रभाग समिती ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर आली. विभागातले नगरसेवक तिचे सदस्य असतात. मुंबईत २२७ निवडणूक प्रभाग असून २०१७ च्या रचनेत क्रमांक १८२ ते १९२ हे ११ प्रभाग जी उत्तरमध्ये होते. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेवर प्रशासक होता. त्या काळात विभाग समितीविना चालला. नळाला पाणी आले नाही म्हणून नगरसेवकाच्या दारात जाण्याची सवय असलेल्या वस्त्यांना ही उणीव फार जाणवली. विधानसभेसाठी विभागाचा बहुतेक भाग माहीम आणि अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या धारावी मतदारसंघात मोडतो. हे दोन्ही मतदारसंघ मुंबई दक्षिण मध्य लोकसभा मतदारसंघाचे भाग आहेत.

विभागातली प्रत्येक गोष्ट मात्र वॉर्ड ऑफिसच्या हातात नाही. दादर-माहीमच्या जुन्या, पागडीच्या, उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आहे. रेल्वेच्या जमिनीवर पालिकेचे चालत नाही. जमिनीचे भूमापन क्रमांक माहीम, धारावी, माटुंगा अशा जुन्या महसुली विभागांनुसार लागतात आणि त्यांच्या हद्दी वॉर्डाच्या हद्दीशी जुळत नाहीत. पोलीस ठाण्यांच्या हद्दी आणखी निराळ्या. धारावीत तर नियोजनाचा अधिकारही पालिकेचा नाही. तिथे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण हेच विशेष नियोजन प्राधिकरण आहे. म्हणजे धारावीत झाडू पालिकेचा, पाणी पालिकेचे, दवाखाना पालिकेचा, पण घर कुठे आणि केवढे होणार हे ठरवणारी कचेरी दुसरी. नागरिकाला या हद्दी दिसत नाहीत. त्याला दिसतो तो एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे पाठवला जाणारा अर्ज.

लोकसंख्या : २००१ मध्ये विभागात ५,८२,००७ लोक होते, २०११ मध्ये ५,९९,०३९. दहा वर्षांत वाढ तीन टक्क्यांहून कमी. आकडा मामुली वाटतो, पण शेजाऱ्यांकडे पाहिले की त्याचे महत्त्व कळते. याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आली, म्हणजे अडीच लाखांहून अधिक माणसे कमी झाली. नऊपैकी सात विभाग आटले. वाढले ते फक्त एफ उत्तर आणि जी उत्तर. लागून असलेल्या जी दक्षिणेत, जिथे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, तिथली लोकसंख्या ४,५७,९३१ वरून ३,७७,७४९ पर्यंत घसरली. शहर जिल्ह्यातला जवळजवळ दर पाचवा माणूस २०११ मध्ये जी उत्तरचा रहिवासी होता. घनता दर चौ. किमी.ला ६५ हजारांहून अधिक. संपूर्ण शहर जिल्ह्याच्या सरासरी घनतेपेक्षा ती बरीच जास्त आहे.

ही घनताही विभागभर सारखी नाही. शिवाजी पार्कच्या भोवतालची वस्ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात आखून दिलेल्या रस्त्यांवर, ठरावीक उंचीच्या इमारतींनी बसवली गेली. तिथे मोकळे मैदान आणि समुद्राचा वारा आहे. धारावी सुमारे अडीच चौ. किमी.ची, आणि तिथे किती लोक राहतात या प्रश्नावर दोन सरकारी उत्तरे आहेत. २०२० मधल्या कोविड साथीच्या काळात महापालिका धारावीची लोकसंख्या साडेआठ लाख धरून काम करत होती. जनगणनेप्रमाणे मात्र धारावी, दादर, माहीम, माटुंगा मिळून सहा लाखही भरत नाहीत. भाग संपूर्णापेक्षा मोठा, असा हा हिशेब आहे.

या तफावतीची कारणे धारावीच्या जगण्यात आहेत. खाली कारखाना आणि वर पोटमाळा अशी तिथली नेहमीची रचना. शिवणकाम, जरीकाम, चामड्याचे काम करणारे कारागीर कामाच्याच जागी झोपतात, हंगाम संपला की उत्तर प्रदेशात किंवा बिहारमध्ये गावी जातात आणि परत येतात. प्रगणकाला एका दारामागे एक कुटुंब नोंदायची सवय असते. त्या दारामागे पाळ्यांनी झोपणारे दहा जण असतील तर त्यांची नोंद कोणाच्या नावावर करायची? भाडेकरूचा पोटभाडेकरू आपले नाव सांगायला कचरतो, कारण पुढे पुनर्वसनासाठी पात्र-अपात्र ठरवताना तीच नोंद समोर येईल अशी त्याला धास्ती असते. दुसऱ्या बाजूने, अंदाज फुगवून सांगण्याची ओढही नाकारता येत नाही. आशियातली सर्वांत मोठी झोपडपट्टी हे बिरूद लावताना खातरजमा करण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. खरा आकडा या दोहोंच्या मधे कुठेतरी असणार.

प्रशासनाच्या दृष्टीने हा निव्वळ सांख्यिकीचा वाद नाही. निवडणूक प्रभाग जनगणनेच्या आकड्यावर आखले जातात. २०११ च्या लोकसंख्येप्रमाणे मुंबईत सरासरी ५५ हजारांमागे एक नगरसेवक येतो, आणि त्याच हिशेबाने जी उत्तरला ११ मिळाले. साडेआठ लाख हा आकडा खरा मानला तर एकट्या धारावीलाच १५ मिळायला हवे होते. दवाखान्यांची, शौचकुपांची, सफाई कामगारांची संख्याही डोकी मोजूनच ठरते. पाण्याचे निकष तर मुळातच विषम आहेत : झोपडपट्टीत माणशी ४५ लिटर, इमारतीत १३५ लिटर. त्यात डोकीच कमी मोजली गेली तर वाट्याला येणारे पाणी आणखी घटते. जो माणूस मोजला जात नाही त्याची तहान यंत्रणेच्या कागदावर येत नाही. हा अन्याय आहे आणि स्थलवर्णनाच्या नोंदीतही तो तसाच नोंदवायला हवा.

२०२० च्या साथीत हे सगळे प्रश्न एकाच वेळी वर आले. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला. तिथले बहुतांश रहिवासी सार्वजनिक शौचालये वापरतात, त्यामुळे घरात विलग राहणे हा सल्ला तिथे अर्थहीन होता. विभाग कार्यालयाने रुग्ण येण्याची वाट न पाहता वस्त्यांत तपासणी शिबिरे लावली, खासगी डॉक्टरांना सोबत घेतले, शाळा आणि क्रीडासंकुल विलगीकरणासाठी घेतले, शौचालये दिवसातून अनेकदा धुऊन घेतली. महाराष्ट्र निसर्ग उद्यानाच्या आवारात तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी धारावीचा उल्लेख साथ आवाक्यात आणल्याचे उदाहरण म्हणून केला. त्यामागे तळाच्या कर्मचाऱ्यांचे, आरोग्यसेविकांचे आणि सफाई कामगारांचे श्रम होते. एरवी धारावीकर लोकमान्य टिळक रुग्णालयावर अवलंबून असतो. ते शीव येथे, म्हणजे एफ उत्तर विभागात आहे. धारावीतल्या त्याच्या नागरी आरोग्य केंद्राला लोकांनी ‘छोटा सायन’ असे नाव दिले आहे.

लोक व वस्त्या : कोळी हे इथले जुने रहिवासी. माहीम आणि धारावी या दोन्ही ठिकाणी कोळीवाडे आहेत. धारावीच्या कोळ्यांची मासेमारी खाडी बुजत गेली तशी संपली. सौराष्ट्रातून आलेले कुंभार १९३० च्या दशकात धारावीत स्थिरावले आणि कुंभारवाडा आजही भट्ट्यांसह टिकून आहे. तमिळनाडूच्या दक्षिण भागातून, विशेषतः तिरुनेलवेलीकडून, आलेल्यांनी चामडे कमावण्याचा धंदा वाढवला. चामडे कमावणे पुढे इथून गेले, मात्र पिशव्या व पाकिटे शिवणे राहिले. महाराष्ट्रातल्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेले दलित व इतर कष्टकरी, उत्तर भारतातले कारागीर, कन्नड व तेलुगू भाषक असा मेळ जमल्यामुळे धारावीतल्या पालिका शाळांतून मराठी, हिंदी, उर्दूबरोबर तमिळ माध्यमही चालत आले आहे. दादर हा मराठी मध्यमवर्गाचा बालेकिल्ला. प्लाझा, शिवाजी मंदिर, सार्वजनिक वाचनालय, प्रायोगिक रंगभूमीला १९७० च्या दशकात आसरा देणारी छबिलदास शाळा हे सारे येथले. माहीममध्ये मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आणि सेंट मायकल चर्च काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. दर बुधवारी चर्चमधल्या नोव्हेनाला सर्व धर्मांचे लोक येतात.

राहणाऱ्यांखेरीज येणारे निराळे. दादर स्थानकावर पश्चिम व मध्य दोन्ही रेल्वे मिळतात. फुलबाजार पहाटेपासून चालतो, रानडे रस्ता सणासुदीला चालायलाही पुरत नाही. या येणाऱ्यांचा कचरा आणि पाणी विभागाच्या खात्यावर पडते, लोकसंख्येत मात्र ते नसतात. याची परिसीमा ६ डिसेंबरला होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी लाखो अनुयायी चैत्यभूमीवर येतात आणि शिवाजी पार्कवर मुक्काम करतात. विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेने आलेली कुटुंबे तिथेच रात्र काढतात, पुस्तकांच्या दुकानांपुढे तासन्‌तास उभी राहतात. मंडप, टँकर, फिरती शौचालये, वैद्यकीय कक्ष, रात्रंदिवस झाडलोट ही तयारी जी उत्तर विभाग आठवडेच्या आठवडे करत असतो. विभागाच्या कामाचा कस पाहायचा तर हे तीन-चार दिवस पाहावेत. शिवाजी पार्कचे मैदान सभांसाठी देण्याची परवानगीही याच कार्यालयाकडे मागावी लागते. २०२२ मध्ये दसरा मेळाव्यासाठी शिवसेनेच्या दोन्ही गटांना ती नाकारली गेली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने एका गटाला मैदान दिले.

धारावीचा पुनर्विकास या विभागाच्या लोकसंख्येत मोठे फेरबदल घडवू शकतो. २००४ मध्ये मंजूर झालेली ही योजना अनेक निविदांनंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाकडे गेली. प्रकल्पाच्या कंपनीत राज्य शासनाचा वाटा २० टक्के आहे. तळमजल्यावर १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्यांना धारावीतच विनामूल्य घर, त्यानंतर आलेल्यांना आणि माळ्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेर विकत, भाड्याने किंवा हप्त्याने, अशी विभागणी ठरली आहे. माळ्यावरच्या भाडेकरूंपैकी कितीजण विभागाबाहेर जातील हे २०२४ मध्ये सुरू झालेल्या घरोघरच्या सर्वेक्षणावर अवलंबून आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ हा ठरला आहे. तोवर प्रभागरचनेपासून पाण्याच्या वाट्यापर्यंत विभागाला २०११ चाच आकडा वापरावा लागतो.