चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात मी पुण्याहून दोन तास गाडी चालवत डोंगराकडेच्या एका गावात लस घ्यायला गेलो. १८ ते ४४ वयोगटाला नुकतीच परवानगी मिळाली होती आणि नोंदणी ऑनलाइनच करायची होती. पुण्यातले स्लॉट डोळ्यांदेखत उडायचे. मग मी पायथनमध्ये पन्नासेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती कोविनवर जिल्ह्यातली केंद्रं तपासत राहायची आणि जागा दिसली की माझा फोन वाजवायची. हे प्राथमिक आरोग्य केंद्र तिनंच शोधून दिलं होतं.

रांगेत सगळे माझ्यासारखेच, पाठीवर सॅक, कानात इअरफोन. फाटकापाशी गावातली सात-आठ पोरं बसली होती. त्यातल्या एकानं विचारलं, "दादा, ते ओटीपीचं कसं करायचं? इथं रेंजच येत नाय." मी म्हटलं, "टेकडीवर जाऊन बघ." आणि लस घेऊन परत निघालो.

त्याचा प्रश्न मला फार उशिरा टोचला. लस गुणकारी होती, त्याच्या गावापर्यंत आलीही होती, आणि त्याला सोडून मला मिळाली होती.

सिद्ध झालेला उपचार लोकांपर्यंत कसा पोचतो, कुठे अडतो, हे तपासणारी एक अख्खी शाखा आहे हे पुढे कळलं. नाव लांबलचक: डिसेमिनेशन अँड इम्प्लिमेंटेशन रिसर्च. अलीकडे तिथे आरोग्यसमतेचा प्रश्न आग्रहानं विचारला जातोय. पोचला हे ठीक, पण कोणापर्यंत? मला विचाराल तर या प्रश्नाशी सगळ्यात प्रामाणिक झटापट बांगलादेशातल्या खेड्यांत होऊन गेलीय. विषय होता जुलाब.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवलं, की कॉलराच्या रुग्णाला साखर-मिठाचं योग्य प्रमाणातलं पाणी पाजलं तर शिरेतून द्यावं लागणारं सलाइन खूप कमी लागतं. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले, कॉलरा पसरला, सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा घातलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

माझ्या धंद्यात इथे केक कापतात.

पण पोर जुलाबानं मरतं ते घरात, आणि घरापर्यंत पाकीट न्यायला रस्ता लागतो, दुकान लागतं, दुकानात जायला पैसे लागतात. म्हणजे ज्या घरात धोका जास्त, तिथेच पाकीट पोचायची शक्यता कमी. त्याच १९७१ मध्ये ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरांनी हाच उलटा हिशेब मांडला होता. चांगले उपचार नेमके गरज जास्त तिथेच कमी असतात, हा त्यांचा 'इन्व्हर्स केअर लॉ'.

बांगलादेशातल्या 'ब्रॅक' संस्थेनं १९८० मध्ये पाकीटच बाजूला ठेवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सगळं घरातलंच. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईला शिकवायला बायकाच दारोदार गेल्या, कारण पडद्यातल्या बाईपर्यंत पुरुष पोचूच शकला नसता. आईनं स्वतःच्या हातानं पाणी बनवून दाखवायचं.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. शिकवणारीचा पगार किती घरं झाली यावर ठरत नव्हता. काही आठवड्यांनी दुसरंच कोणी तरी येऊन त्यातल्या काही आयांना प्रश्न विचारायचं. त्यांच्या लक्षात जेवढं राहिलं, तेवढे शिकवणारीला पैसे. आमच्याकडे हा नियम लागू झाला तर निम्मी टीम राजीनामा देईल, मी त्यात पहिला.

एवढं करूनही सुरुवातीला हे पाणी पाजणारी घरं थोडीच निघाली. आयांना कृती पाठ होती, तरी त्या वापरत नव्हत्या. आयांच्या अडाणीपणावर खापर फोडणं सोपं होतं. संस्थेनं आपल्याच माणसांकडे पाहिलं, तर शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचा स्वतःचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत! मग हे पाणी काम कसं करतं ते त्यांना नीट समजावलं गेलं, शिकवताना त्या स्वतः घोट घेऊ लागल्या. घरातल्या पुरुषांना कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून मशिदीत आणि बाजारात त्यांच्याशी बोलणं सुरू झालं. १९९० पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख घरं झाली.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत जुलाब झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना ओआरएस मिळालं. बनगावला तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. ६१ हा आकडा डॅशबोर्डवर हिरवा दाखवायचा की लाल, हे मी पूर्वी एका मिनिटात ठरवलं असतं.

ती स्क्रिप्ट अजून गिटहबवर आहे. सत्तेचाळीस स्टार मिळालेत तिला. खाली वर्णनात मीच लिहून ठेवलंय: 'टेस्टेड. वर्क्स परफेक्टली.'